कट्टा, चौथरा आणि चार पायऱ्या: स्केटबोर्डिंगचा ‘स्पॉट’ कशाने बनतो?

बार्सिलोनाच्या रावाल भागात एक पांढरीशुभ्र इमारत आहे. अमेरिकन वास्तुविशारद रिचर्ड मायर यांनी आखलेलं हे समकालीन कलेचं संग्रहालय १९९५मध्ये खुलं झालं. नावाची आद्याक्षरं जोडून लोक त्याला ‘माक्बा’ म्हणतात. जगभरातले स्केटबोर्डर या इमारतीपाशी यायला बार्सिलोनाची तिकिटं काढतात आणि पुष्कळदा आत पाऊलही न टाकता परत जातात. त्यांचं सगळं काम दारासमोरच्या चौकात असतं.

त्या चौकात स्केटिंगसाठी म्हणून काही बांधलेलं नव्हतं. गुळगुळीत दगडी फरसबंदी, लांब सरळ कट्टे, एका बाजूला चार मोठाल्या पायऱ्या. एवढं कुठल्याही मोठ्या सरकारी कचेरीसमोर सापडेल. तरीही बहुतेक कचेऱ्यांसमोर बोर्ड दहा फूटसुद्धा धड चालत नाही आणि माक्बासमोर माणसं तास न् तास खेळतात. हा फरक डोळ्यांना पटकन दिसत नाही, कारण तो बऱ्याचदा काही मिलिमीटरांचा असतो. तोच इथे उलगडून बघू.

आधी थोडं मागे जायला हवं. सुरुवातीच्या स्केटबोर्डांची चाकं कडक, ठिसूळ मालाची असत. खडा मध्ये आला की चाक अडायचं आणि माणूस पुढे फेकला जायचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेनची चाकं आली. ती जमीन धरून ठेवतात आणि बारीक खड्यांवरून निघून जातात. १९७६-७७च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातले घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि मुलं त्यांच्या गोलाकार भिंतींवर चढू लागली. पण रस्त्यावरच्या स्केटिंगला खरी वाट करून दिली ती ‘ऑली’ने. बोर्डाची शेपटी पायाने जमिनीवर आपटायची आणि पुढचा पाय वरच्या खरखरीत कागदावरून बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे घासत न्यायचा. बोर्ड पायाला चिकटल्यासारखा वर येतो, हात लावावा लागत नाही. फ्लोरिडाच्या ॲलन गेलफँडने १९७०च्या दशकाच्या शेवटी ही युक्ती उतारावर काढली आणि रॉडनी मलनने पुढच्या काही वर्षांत ती सपाट जमिनीवर आणली. याच सुमारास विम्याचा खर्च परवडेना म्हणून अमेरिकेतली अनेक स्केटपार्क बंद पडत होती. मुलांकडे उडी होती आणि जायला पार्क नव्हतं. तेव्हा फुटपाथ, कट्टे आणि जिने हेच मैदान झालं.

स्केटर खेळायला निवडतात त्या जागेला ‘स्पॉट’ म्हणतात. त्याचे चार भाग असतात: धाव घ्यायची जागा, अडथळा, उतरायची जागा आणि या तिन्हींच्या खालची जमीन. नवखा माणूस आधी अडथळ्याकडे बघतो. जाणता स्केटर आधी खाली बघतो.

जमीन: चाक किती खाली जातं?

रस्त्यावरच्या बोर्डाचं चाक साधारण ५० ते ५४ मिलिमीटर व्यासाचं असतं. सायकलच्या चाकापुढे हे काहीच नाही, म्हणून सायकलला जाणवतही नाही अशी भेग इथे खेळ थांबवते. ५२ मिलिमीटरचं चाक १० मिलिमीटर रुंद भेगेवरून गेलं तर ते जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली उतरतं. टक् असा आवाज येतो, बस. भेग २० मिलिमीटरची झाली की चाक २ मिलिमीटर उतरतं आणि हा धक्का गुडघ्यापर्यंत पोचतो. ३० मिलिमीटरला ते जवळजवळ ५ मिलिमीटर खाली जातं. म्हणजे रुंदी तिप्पट झाली की खोली नऊपटीहून जास्त होते. भेगेच्या पलीकडची कड चाकाला भिंतीसारखी आडवी येते, ती या वाढीमुळेच.

उंचसखल फरशांचंही गणित तेच आहे. शेजारची फरशी ५ मिलिमीटर वर आलेली असेल तर तिचा धक्का ३० मिलिमीटरच्या भेगेइतकाच बसतो. फरशी खाली उतरत असेल तर निभावतं, वर चढत असेल तर नाही. म्हणून एकाच चौकात पूर्वेकडून जाताना कट्टा सोपा वाटतो आणि पश्चिमेकडून जाताना अशक्य.

आपल्याकडच्या रस्त्यांवर हे ताडून बघता येईल. फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक ही स्केटरची सगळ्यात मोठी अडचण. ब्लॉकची कड मुद्दाम तासलेली असते, दोन तासलेल्या कडा आणि मधला सांधा मिळून १० ते १५ मिलिमीटरची खाच तयार होते. एकटी खाच निरुपद्रवी असते, पण दर २० सेंटिमीटरला एक असेल तर ताशी १५ किलोमीटर वेगाला पुढच्या चाकांना सेकंदाला वीस धक्के बसतात. वेग तिथेच गळतो आणि पाय बोर्डावरून सरकतात. घोटलेलं काँक्रीट, घट्ट सांध्यांची कोटा फरशी आणि जुन्या इमारतींच्या आवारातलं मोझॅक यांवर बोर्ड छान पळतो. चकचकीत पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर मात्र वळताना चाक घसरतं, आणि धूळ बसलेली असेल तर आणखीच. शहाबादी फरशी चांगली, पण तिचे सांधे उखडलेले नाहीत ना ते पाहावं लागतं. ताज्या डांबरी रस्त्यावर बोर्ड चालतो. खडी वर आलेल्या जुन्या रस्त्यावर कडक चाकं थरथरतात आणि पडलात तर कातडी सोलून निघते.

नव्या जागी पोचल्यावर जमीन तपासायची साधी रीत आहे. आधी चालत जा, बुटाचा तळवा घासत. जिथे बूट अडकेल तिथे चाक अडकणार. मग बोर्डवर उभं राहून तीन वेळा पाय मारा आणि नुसतं उभं राहा. चांगल्या फरशीवर बोर्ड आरामात वीस-पंचवीस मीटर जातो. आठ-दहा मीटरमध्ये थांबत असेल तर तिथे मोठी उडी मारण्याचा नाद सोडा. शेवटी झाडू. पिशवीत लहान झाडू ठेवणं हा या खेळाचा खरोखरचा भाग आहे. वाटाण्याएवढा खडा चाकाखाली आला तर चाक फिरायचं थांबतं, बोर्ड जागीच राहतो आणि माणूस आहे त्या वेगाने पुढे जातो. बहुतेक वाईट पडणी अशीच होतात, उडी चुकल्यामुळे कमी.

कट्टा

इंग्रजी बोलणारे स्केटर ज्याला ‘लेज’ म्हणतात तो आपला कट्टाच. पुण्या-मुंबईत ज्याच्यावर बसून गप्पा मारतात तसाच, फक्त त्याची कड महत्त्वाची. ट्रक म्हणजे चाकांचा आस धरणारा ॲल्युमिनियमचा भाग. तो कडेवर टेकवून घासत जाणं म्हणजे ग्राइंड. बोर्डाच्या लाकडी पोटावर घसरत जाणं म्हणजे स्लाइड.

कट्टे स्केटिंगला इतके का जुळतात याचं कारण माणसाच्या बसण्यात आहे. आरामात बसायला आसन जमिनीपासून ४५ सेंटिमीटरच्या आसपास लागतं, म्हणजे गुडघ्याच्या थोडं खाली. सराव झालेल्या स्केटरची रोजची ऑली याच टप्प्यातली. वास्तुविशारदाने बसणाऱ्याचा विचार करून ठरवलेली उंची उडी मारणाऱ्यालाही नेमकी पडते. ३० ते ४० सेंटिमीटरचा कट्टा सगळ्यांत खेळकर, ४५ला मेहनत लागते आणि ५५ला मोजक्यांचंच काम असतं. नवशिक्याने फुटपाथच्या कडेपासून सुरुवात करावी. ती साधारण १५ सेंटिमीटर असते आणि तिच्यावर ऑली न मारताही चढता येतं: तिरकं जाऊन पुढचा ट्रक कडेवर दाबायचा आणि मागचा आपोआप वर ओढून घ्यायचा. याला ‘स्लॅपी’ म्हणतात. कॅलिफोर्नियात गाड्या उभ्या करायला मनाई असलेल्या फुटपाथच्या कडा लाल रंगवतात. तो रंग गुळगुळीत असल्याने तिथल्या स्केटरांना लाल कड दिसली की आनंद होतो.

कडेची धार कशी हवी? अगदी काटकोनी धार सुरुवातीला उत्तम वाटते, पण धातू आदळला की तिचे टवके उडतात. फार गोल केलेली कड ट्रकला धरून ठेवत नाही, तो बाहेर घसरतो. ५ ते १० मिलिमीटर गोलाई किंवा तासणी असलेला दगड सगळ्यांत टिकतो. ग्रॅनाइट आणि संगमरवर घासले की आणखी गुळगुळीत होतात. हलक्या प्रतीचं काँक्रीट मात्र आतली वाळू बाहेर टाकत जातं. म्हणून शहरातल्या जुन्या ग्रॅनाइटच्या कट्ट्यांना स्केटर जपतात.

खरखरीत कड खेळती करायला आधी तिच्यावर घासदगड फिरवतात, मग मेण. साधी पांढरी पॅराफिनची मेणबत्ती चालते. कडेच्या वरच्या आणि बाहेरच्या बाजूला प्रत्येकी तीन-चार सेंटिमीटरची पट्टी पातळ घासायची, एकदा बोर्ड नेऊन बघायचं आणि लागलं तरच पुन्हा घासायचं. नवशिके इथे हमखास चुकतात. मेण जास्त झालं की ट्रक घर्षणाविना पुढे पळतो, शरीर मागे राहतं आणि माणूस पाठीवर आपटतो. घर्षण थोडं तरी हवंच, कारण त्याच्यावरच तोल सांभाळायचा असतो. सच्छिद्र काँक्रीट मेण पिऊन टाकतं. तिथे आधी पारदर्शक लॅकरचे दोन हात देऊन वाळवतात आणि मग मेण लावतात. मेण फरशीवर सांडू देऊ नका. तिथून चालणारी म्हातारी माणसं घसरतात.

कट्ट्याचे दोन भाऊबंद आहेत. एक बुटका, रुंद चौथरा: त्याच्यावर उडी मारून दोनच चाकांवर तोलत पलीकडे उतरायचं. दुसरा जिन्याच्या बाजूने खाली उतरणारा जाड कठडा, ज्याला जगभर ‘हबा’ म्हणतात. हे नाव सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘हबा हाइडआउट’ या एका जिन्यावरून पडलं. तो आडोसा नशेखोरांच्या वापरातला होता आणि ‘हबा’ हा तिथल्या बोलीत क्रॅक कोकेनसाठीचा शब्द. तो जिना २०११मध्ये पाडला. नाव मात्र खेळाच्या शब्दकोशात राहिलं आणि आज ऑलिम्पिकच्या स्ट्रीट स्पर्धेतला उतरता कठडाही याच नावाने ओळखला जातो.

पायऱ्या आणि दांडे

जिन्यांना स्केटर पायऱ्यांच्या संख्येवरून हाक मारतात. हॉलिवूड हायस्कूलमधली ‘सोळा’, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एल टोरो शाळेतली, २०१९मध्ये पाडलेली ‘वीस’. आकडा ऐकूनच जाणत्याला कळतं की काय चाललंय, कारण पायरीची मापं सगळीकडे जवळपास सारखी असतात: उंची १७ सेंटिमीटरच्या आसपास, पाय ठेवायची रुंदी ३० सेंटिमीटर.

चार पायऱ्या म्हणजे ६८ सेंटिमीटरचा उतार. तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीला ताशी १३ किलोमीटरच्या वेगाने आदळते. दहा पायऱ्या म्हणजे १.७ मीटर आणि ताशी २१ किलोमीटर. खरा प्रश्न हा वेग शरीर किती अंतरात थांबवतं याचा आहे. गुडघे आणि कंबर दुमडून ४० सेंटिमीटरमध्ये थांबवला तर शरीरावर वजनाच्या सुमारे पाचपट जोर येतो. पाय ताठ ठेवून ५ सेंटिमीटरमध्ये थांबवला तर तोच जोर तीसपटीच्या वर जातो, आणि टाचेचं किंवा घोट्याचं हाड तेवढं सोसत नाही. उतरताना खाली बसणं म्हणजे शोभा नव्हे, ते आपलं स्प्रिंग आहे.

आडवं अंतरही कापायचं असतं. दहा पायऱ्यांच्या जिन्यात नऊ पायऱ्यांची रुंदी, म्हणजे २.७ मीटर, अधिक वर उडायला आणि खाली सुरक्षित टेकायला मिळून एक-सव्वा मीटर. त्यासाठी साधारण ताशी १५ किलोमीटर वेग लागतो. तो मिळवायला चार-पाच वेळा पाय मारावा लागतो आणि शेवटचे तीन-चार मीटर नुसते पाय नीट लावण्यात जातात. म्हणजे जिन्याच्या वर पंधरा मीटर मोकळी, गुळगुळीत जागा हवी. इमारतीचे जिने बहुधा दारापासून पाच मीटरवरच सुरू होतात. त्यामुळे दिसायला झकास असलेले कितीतरी जिने कधी स्पॉट होतच नाहीत. वेग कमी पडला तर मागची चाकं शेवटच्या पायरीवर अडकतात. दहा पायऱ्यांतली हीच चूक सगळ्यांत महागात पडते, म्हणून ‘थोडा जास्त वेग’ ही इथली सावधगिरी आहे, धाडस नव्हे.

काही जिने पायऱ्यांच्या संख्येला दाद देत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या राऊल वॉलनबर्ग शाळेसमोर चारच पायऱ्या आहेत, पण प्रत्येक पायरी म्हणजे एक प्रशस्त ओटाच. त्या चार ओलांडणं दहा-बारा साध्या पायऱ्यांपेक्षा अवघड आहे. माक्बाच्या चारही याच जातीच्या.

जिन्याच्या दांड्यावरून घसरत उतरणं १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्क गोन्झालेस आणि नाटास काउपास यांच्यासारख्या स्केटरांनी सुरू केलं. दांडा निवडताना चार गोष्टी बघायच्या. वरच्या टोकाशी तो जमिनीपासून किती उंच आहे; कमरेएवढा असेल तर त्याच्यावर चढणंच अवघड. हाताने जोरात हलवला तर हलतो का. हलणारा दांडा मधेच दगा देतो. मधे वाक किंवा सांध्याची उंच वेल्डिंग आहे का. आणि खालचं टोक जिन्याच्या पुढे किती येतं. ते पुढे येऊन वर किंवा खाली वळलेलं असेल तर ट्रक तिथे अडकतो. यातली एक जरी गोष्ट बसत नसेल तर दांडा सोडून द्यावा. इथली चूक मांडीच्या आतल्या बाजूला किंवा डोक्याला लागते, आणि दोन्ही वाईट.

तीन चौक, तीन निकाल

फिलाडेल्फियाचं लव्ह पार्क ही खेळासाठी जगातली सर्वांत लाडकी जागा होती असं म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही. १९६५मध्ये झालेल्या या चौकाची कल्पना नगररचनाकार एडमंड बेकन यांची, आराखड्यात व्हिन्सेंट क्लिंग यांचा हात. रॉबर्ट इंडियाना यांचं ‘लव्ह’ शिल्प तिथे असल्याने ते नाव पडलं. ग्रॅनाइटचे लांब कट्टे, उंचीच्या वेगवेगळ्या पातळ्या आणि मधोमध कारंजं. पाणी बंद असलं की वरून त्याच्या हौदात उडी मारता येई. फरशा सुट्या असल्याने एखादी टेकवून उचलली की छोटा उतार तयार. शहरात २००१ आणि २००२मध्ये साहसी खेळांची ‘एक्स गेम्स’ स्पर्धा झाली, आणि त्याच २००२मध्ये नगरपालिकेने या चौकात स्केटिंगवर कडक बंदी आणली. ९२ वर्षांचे बेकन तेव्हा स्वतः तिथे आले आणि दोन्ही बाजूंनी माणसांचा आधार घेऊन स्केटबोर्डवर उभे राहिले. आपल्या चौकात आलेली मुलं त्यांना पाहुणी वाटत नव्हती. २००४मध्ये एका बूट कंपनीने देखभालीसाठी दहा लाख डॉलर देऊ केले. शहराने नकार दिला. २०१६मध्ये चौक उखडला गेला. पाडण्याआधी काही दिवस महापौरांनी बंदी उठवली, आणि थंडीत माणसं शेवटचं खेळायला आली. त्या ग्रॅनाइटचे काही तुकडे पुढे स्वीडनमधल्या माल्मो शहरात पोचले आणि तिथे पुन्हा बसवले गेले.

लंडनच्या साउथबँकची कहाणी वेगळी निघाली. क्वीन एलिझाबेथ हॉल १९६७मध्ये उघडला. त्याच्या पोटाखाली जाड काँक्रीट खांबांची एक रिकामी जागा उरली होती, कडेला उतरत्या काँक्रीटच्या भिंती. १९७०च्या दशकापासून तिथे स्केटर येतात. या जागेची सगळ्यांत मोठी देणगी म्हणजे डोक्यावरचं छत. लंडनच्या पावसात शहरातले सगळे चौक ओले असताना इथली जमीन कोरडी असते. २०१३मध्ये इथे दुकानं आणण्याचा आराखडा आला, स्केटरांनी मोठी मोहीम उभारली आणि २०१४मध्ये जागा राखण्याचा करार झाला. २०१९मध्ये बंद असलेला काही भाग दुरुस्त होऊन पुन्हा खुला झाला. यातून घेण्यासारखी गोष्ट अशी की मोहिमेने ‘आम्हाला पार्क द्या’ असं म्हटलं नाही. पर्यायी पार्क त्यांना देऊ केलंच होतं. चाळीस वर्षांत माणसांनी घडवलेली जागा उचलून दुसरीकडे नेता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

प्रागमधल्या लेतना टेकडीवरचा चौक तिसरा. तिथे १९५५मध्ये स्टालिनचा अवाढव्य पुतळा उभारला आणि १९६२मध्ये उडवून दिला. उरलेल्या चबुतऱ्यावर १९९१पासून मोठा मेट्रोनोम झुलतो, आणि भोवतीच्या दगडी फरशीवर आज स्केटर खेळतात. स्पर्धेसाठी बांधलेली पार्क सहसा इतकी प्रशस्त नसतात.

अडवायचं की सामावून घ्यायचं?

कट्ट्यांच्या कडेवर दर ६०-९० सेंटिमीटरला बसवलेले धातूचे बोंडके तुम्ही पाहिले असतील. ते शोभेचे नाहीत. ग्राइंडला दोन-तीन मीटर सलग कड लागते, मधे एक गाठ आली की ट्रक थडकतो. खडबडीत फरशी, जिन्यासमोर कुंड्या, कट्ट्याला आडव्या खाचा हे त्याचेच प्रकार. मालकाची तक्रारही खोटी नसते: कडेचे टवके उडतात, मेणाचे काळे डाग पडतात आणि रात्री लाकूड दगडावर आदळल्याचा आवाज दोन गल्ल्या दूर जातो. माक्बाच्या शेजाऱ्यांचं दुखणं मुख्यतः आवाजाचं आहे.

पण टवके थांबवायला बोंडक्यांपेक्षा चांगला उपाय बांधतानाच करता येतो. काँक्रीटच्या कडेत ३५ × ३५ × ५ मिलिमीटरचा लोखंडी अँगल ओतकामाआधी बसवायचा, त्याला आतून सळीचे तुकडे वेल्ड करून काँक्रीटमध्ये रुतवायचे आणि तो पृष्ठभागाशी सपाट ठेवायचा. नंतर बोल्टने लावलेला अँगल उन्हाने फुगतो, बोल्टची डोकी वर येतात आणि तो खेळाला आणि बसणाऱ्याला, दोघांनाही टोचतो. इन्सब्रुकच्या लांडहाउसप्लात्झ चौकात २०११मध्ये सगळी जमीनच काँक्रीटच्या उंचवट्या-उतारांची केली आहे. तिथे आजी बसतात, मुलं पळतात आणि स्केटर त्याच उतारांवरून जातात. फ्रान्समधल्या बोर्दोने काही चौकांत स्केटिंगच्या वेळा ठरवून दिल्या, कारण आवाजाचं भांडण मुळात घड्याळाचं आहे. आमच्या मते भारतातल्या नगरपालिकांना सगळ्यांत स्वस्तात जमेल असा उपाय हाच: पार्कसाठी नवी जमीन शोधण्याआधी एखाद्या पुलाखालची जागा घोटीव काँक्रीटने सपाट करावी, अँगल लावलेले दोन कट्टे ओतावेत आणि रात्री नऊनंतर बंद ठेवावी. पुलाखाली छत आयतं मिळतं. पावसाळ्याचे चार महिने मोकळ्या चौकात खेळता येत नाही अशा कोकणपट्टीत त्याची किंमत जास्त.

जागा खेळती करणं

जमीन तुमची असेल किंवा परवानगी असेल तर भेगा भरता येतात. मोटर गॅरेजमध्ये पत्र्याला लावतात ती दोन भागांची बॉडी पुट्टी यासाठी वापरतात. भेग तारेच्या ब्रशने साफ करा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. ओलाव्यावर पुट्टी धरत नाही. भेग एक सेंटिमीटरहून खोल असेल तर तळाला आधी सिमेंट-वाळू भरून दोन दिवस सुकू द्या. १०० ग्रॅम पुट्टीला सुमारे २ ग्रॅम हार्डनर कालवा. उन्हाळ्यात ती तीन-चार मिनिटांत घट्ट होते, म्हणून थोडी थोडी कालवा. हार्डनर जास्त घातला तर ठिसूळ होते आणि आठवड्याभरात चिप्ससारखी उडते. पत्र्याच्या पट्टीने जमिनीशी सपाट ओढा, किंचित वर ठेवलीत तरी चालेल, अर्ध्या तासाने पॉलिश पेपरने घासता येते. खाली राहिली तर पुन्हा भरावी लागेल.

जमिनीपुढे हात टेकलेत तर चाकं बदला. गुळगुळीत दगडासाठी ५२ मिलिमीटरची, ९९ ए ते १०१ ए कडकपणाची चाकं. कडेवर ती सहज सरकतात. खडबडीत रस्त्याने जायचं असेल तर ५६ ते ६० मिलिमीटरची ७८ ए ते ८७ ए मऊ चाकं. २० मिलिमीटरच्या भेगेत ६० मिलिमीटरचं चाक ५२च्या तुलनेत थोडंच कमी उतरतं, १.७ मिलिमीटर. मोठा फायदा मऊपणाचा असतो, कारण कड आदळते तेव्हा युरेथेन दबतं. पण मऊ चाक कट्ट्यावर चिकटतं, स्लाइड मधेच थांबते. दोन्ही कामं एका चाकाने नीट होत नाहीत.

हेल्मेट आणि मनगटाचे संरक्षक पट्टे सुरुवातीच्या वर्षात तरी काढू नका. पडताना हात पुढे टेकवायची सवय शरीराला आहे आणि मनगट आधी मोडतं. हात ताठ टेकवण्याऐवजी खांद्यावरून लोळण घ्यायचा सराव आधी गवतावर करा.

जागेवर पोचायची वेळही स्पॉटचाच भाग आहे. बाजारालगतच्या चौकात सकाळी सात वाजता पंधरा मीटर मोकळे मिळतात, दहा वाजता तीनही नाहीत. उतरायच्या बाजूला रस्ता असेल तर एकाने कायम तिथे उभं राहून वाहनं आणि पादचारी बघावेत, आणि बोर्ड पायाखालून निसटला तर तो रस्त्यावर जायच्या आत अडवावा. पाऊस पडून गेल्यावर फरशी वरून कोरडी दिसते, सांध्यांत मात्र पाणी असतं. चाकाने ते बेअरिंगवर उडतं, बेअरिंग गंजतात. भिजलीच तर त्याच रात्री चाकं काढा, बेअरिंग उघडून पुसा आणि वाळल्यावर हलक्या यंत्र-तेलाचा एकेक थेंब द्या.